परदेशातले पिस्तूल भारतात आणताना

अमेरिकेतला मुक्काम आवरून कायमचे भारतात परतणाऱ्या एका स्नेह्यांनी विचारले, की तिथे रीतसर विकत घेतलेले पिस्तूल घरसामानाबरोबर इकडे आणता येईल का. तिथली पावती आणि कागदपत्रे चोख असल्याने फार तर शुल्क भरावे लागेल, अशी त्यांची समजूत होती. मात्र आपला कायदा शस्त्र कुठून आले यापेक्षा ते कोणाच्या ताब्यात राहणार, याचा विचार आधी करतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १० नुसार समुद्र, जमीन किंवा हवाई मार्गाने शस्त्र वा दारूगोळा देशात आणण्यास परवाना लागतो. ज्याला ते शस्त्र येथे बाळगण्याचा हक्क आधीच आहे, त्याला स्वतःच्या वापरापुरते वाजवी प्रमाणात आणण्याची मुभा त्याच कलमात आहे. परंतु प्रमाण वाजवी आहे का, याविषयी सीमाशुल्क आयुक्तांना शंका आल्यास ते केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत शस्त्र अडकवून ठेवू शकतात. प्रवाशांच्या सामानाबाबत तर सीमाशुल्क खात्याचे धोरण मुळातच बंदीचे आहे. वास्तव्य बदलून येणाऱ्याला मात्र अनुमत बोअरचे (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासानुसार नागरिकांना मुभा असलेल्या प्रकारचे) एकच शस्त्र आणण्याची सवलत मिळत आली आहे, आणि तिच्या अटी बारकाईने वाचण्यासारख्या आहेत: शस्त्र परदेशात किमान एक वर्ष स्वतःच्या वापरात असले पाहिजे, येथील वैध परवाना हाती असला पाहिजे, शुल्क भरले पाहिजे आणि ते शस्त्र हयातभर विकता, उसने देता किंवा हस्तांतरित करता येणार नाही. परदेशातून आलेली पिस्तुले बाजारात फिरू नयेत, हा या शेवटच्या अटीचा उघड हेतू असावा, आणि मला तो रास्त वाटतो.

स्नेह्यांची अडचण त्याहून आधीचीच निघाली. त्यांचे पिस्तूल ९ मिमीचे, म्हणजे अमेरिकेत सर्रास मिळणारे. आपल्याकडे मात्र सैन्य-पोलिसांची काडतुसे ज्यांत चालतात अशी शस्त्रे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि सामान्य नागरिकाला ती मिळत नाहीत. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे. नेमबाजांसाठी वेगळी वाट आहे, आणि कोल्हापूरसारख्या नेमबाजांच्या गावात ती अनेकांना ठाऊक असते, पण घरात ठेवण्यासाठी पिस्तूल आणणाऱ्याला तिचा उपयोग नाही. ते तिथेच परवानाधारक विक्रेत्याला विकून टाकावे, असे मी त्यांना कळवले.

शस्त्र मागे ठेवले तरी जुन्या बॅगेच्या कप्प्यात एखादे काडतूस राहून जाऊ शकते आणि तेवढ्यावरूनही विमानतळावर गुन्हा दाखल होतो. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केले असून त्या आधारे उच्च न्यायालये असे गुन्हे रद्दही करतात, परंतु त्यासाठी वकील गाठून न्यायालयात जावेच लागते.