क्रॉन, कर्ल आणि किलावेआ

रविवार, रात्री उशिरा

हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे. किलावेआ ज्वालामुखीवर उजाडतं तेव्हा इथे पुण्यात माझी जेवणं-आवराआवर चाललेली असते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या वेबकॅमवर विवर छान दिसतं, पण फोटोचा इंटरनेटवरचा पत्ता कायम एकच. नवा आला की जुना गेला. २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेला तिथला उद्रेक थांबत-थांबत चालतो. लाव्हाची कारंजी उसळतात, मग कित्येक दिवस नुसता धूर. त्यासाठी कोण जागत बसणार? फोटो आपोआप साठवून त्यांचा व्हिडिओ करायला आज दुपारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, लिहायला घेतली.

फोटो उतरवून घेणं एका ओळीचं काम, कर्ल नावाचं फाइली उतरवणारं साधन ते करतं. खरी मेख फाइलीच्या नावात. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट असं नाव दिलं की यादी आपोआप क्रमाने लागते. पण वेळ कुठली धरायची? आपली धरली तर तिथला एक दिवस आपल्या दोन तारखांत तुटतो. शेवटी हवाईचीच ठेवली. तिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, तेवढीच कटकट कमी.

मग क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, दर दहा मिनिटांनी. दर मिनिटालाही लावता येतं, पण दुसऱ्याच्या सर्व्हरला असं सारखं छळू नये. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीत, % हे चिन्ह तसंच लिहिलं की क्रॉन आज्ञा तिथेच तोडतो, आणि तारखेच्या आज्ञेत ते लागतंच, म्हणून तारखेचा सगळा मामला स्क्रिप्टच्या फाइलीत. शिवाय क्रॉनला आपल्या टर्मिनलचा (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा) पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे ती यादी, ठाऊक नसतो. म्हणून प्रोग्रॅमचे नि फाइलींचे पत्ते पूर्ण लिहायचे. या दोन गोष्टींपायी जगभरात किती जणांची झोप उडाली असेल!

कर्लला 'फेल'चा पर्याय द्यायचाच. नाहीतर फोटो नसला तर सर्व्हरचं 'सापडलं नाही' पान जेपीजी म्हणून निमूट जाऊन बसतं. कॅमेरा अडकून तोच फोटो पुन्हा आला तर चेकसम, म्हणजे फाइलीवरून काढलेला ओळखीचा आकडा, ताडून उडवायचा. ढगांचे पांढरेफटक फोटो मात्र ठेवायचे. ते गाळले तर व्हिडिओत वेळ उड्या मारते.

सगळे आले तर दिवसाचे १४४. एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सेकंदाला २४ फोटो लावले की अख्खा दिवस सहा सेकंदांत.

"आई, सहा सेकंदांसाठी एवढा खटाटोप?" लेक म्हणाला. मग स्वतःच खुर्ची ओढून बसला आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा पत्ता शोधायला लागला. तो उद्या जोडू.