बाबांबरोबर साऊथ डकोटाच्या काउंट्यांमधून

माझे बाबा सातारा जिल्ह्यात तलाठी होते, पस्तीस वर्षं. त्यामुळे त्यांना कुठेही फिरायला न्या, डोंगर नदी बघून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ही जमीन कुणाच्या नावावर आहे? यंदा ऑगस्टमध्ये ते आमच्याकडे अमेरिकेत ओमाहाला आले तेव्हा ह्यांना सुट्टी नव्हती, मग आम्ही बापलेकीनेच चार दिवस गाडी काढून साऊथ डकोटा करायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या रात्री मी त्यांना २०२० च्या जनगणनेचा नकाशा दाखवला. ६६ काउंट्या, आपल्या जिल्ह्यासारख्या, पण अख्ख्या राज्याची लोकसंख्या नऊ लाखांच्या आत. दहातले आठ गोरे, नेटिव्ह अमेरिकन शेकडा नऊच्या आसपास, बाकी सगळे मिळून उरलेले. पण हे झालं राज्याचं, काउंटीवार बघितलं की चित्र एकदम बदलतं, पूर्वेकडे ओळीने गोऱ्या काउंट्या, आणि मध्येच सात-आठ अशा की जिथे निम्म्याहून जास्त लोक नेटिव्ह, काही ठिकाणी तर शंभरातले नव्वद. बाबांनी चष्मा नीट केला, जवळून बघितलं आणि म्हणाले, "ह्या हद्दी कुणीतरी मुद्दाम आखल्यात बाळा, माणसं आपणहून अशी चौकोनात राहत नाहीत." पुढचे चार दिवस हेच वाक्य माझ्या डोक्यात होतं.

सू फॉल्सला पहिला मुक्काम. हे राज्यातलं सगळ्यात मोठं शहर, इथे सुदानी, इथिओपियन, नेपाळी सगळे भेटतात, शहर म्हटल्यावर त्यात नवल नाही. मला आश्चर्य वाटलं ते ह्युरनचं, बीडल काउंटी. गावात चाळीस फूट लांबीचा फेझंट पक्ष्याचा पुतळा आहे, चहूकडे मका आणि सोयाबीन. जर्मन, नॉर्वेजियन, रशियातून आलेले जर्मन, १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर घेऊन बसलेले, असा हा सगळा पूर्व भाग, आणि अशा गावात आम्ही किराणा घ्यायला एका दुकानात शिरलो तर आत सगळे म्यानमारचे कॅरेन लोक. इथे टर्कीच्या मांसाचा मोठा कारखाना आहे, तो हटराइट कॉलन्यांनी मिळून उभा केलेला, म्हणजे ते जर्मन बोलणारे, एकत्र राहून सामाईक शेती करणारे लोक. त्या कारखान्याच्या कामावर कॅरेन कुटुंबं आली आणि पंधरा वीस वर्षांत काउंटीचे आकडे बदलून गेले. दुकानात दारापाशी प्लास्टिकच्या टोपलीत पालेभाजीच्या जुड्या होत्या, लालसर देठ, हाताच्या पंज्यासारखी पानं. बाबांनी एक पान तोडून सरळ तोंडात टाकलं आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला, "अगं अंबाडी आहे ही!" दुकानातल्या बाई हसल्या, त्यांना शब्द कळला नाही पण काय झालं ते बरोबर कळलं. त्यांनी स्वतःच्या परसात लावली होती. ब्रह्मदेशात अंबाडी रोजच्या जेवणात असते हे मला तोवर माहीत नव्हतं. दोन जुड्या घेतल्या आणि त्या मोटेलच्या फ्रीजमधून पुढे शेवटपर्यंत आमच्याबरोबर फिरल्या.

ह्युरनहून पश्चिमेला बफेलो काउंटी. लोकसंख्या दोन हजारांच्या आत, त्यातले बहुतेक क्रो क्रीक रिझर्व्हेशनचे, म्हणजे नेटिव्ह जमातीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरचे, डकोटा लोक. काउंटीचं मुख्य ठिकाण गॅन व्हॅली, तिथे माणसं किती, तर जेमतेम दहा. वस्ती सगळी फोर्ट थॉम्प्सनला, हजारापेक्षा जास्त. ह्या काउंटीत तीन प्रभाग होते आणि प्रभागरचना अशी केलेली की नेटिव्ह लोक जवळपास सगळे एकाच प्रभागात, दीड हजार माणसांचा एक प्रतिनिधी, आणि उरलेले दोन प्रभाग मिळून पाचशेच्या आसपास माणसं, त्यांचे दोन, म्हणजे तीनातली दोन मतं कायम मूठभर गोऱ्यांकडे. २००३ मध्ये लोक कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी समझोता होऊन प्रभाग परत आखले गेले. बाबांनी आयुष्यभर निवडणुकीच्या ड्युट्या केल्यात, त्यांना हे एका मिनिटात समजलं आणि मग बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

फोर्ट थॉम्प्सनच्या शेजारी मिझुरी नदीवर बिग बेंड धरण आहे. आम्ही काठावर थांबलो, पाणी निळंशार, वारा भन्नाट, एक माणूस होडीतून मासे धरत होता. १९४४ च्या योजनेतून ह्या नदीवर धरणांची रांग झाली आणि त्यात रिझर्व्हेशनची नदीकाठची सुपीक जमीन, झाडी सगळी पाण्याखाली गेली, फोर्ट थॉम्प्सन गावच उठवून दुसरीकडे न्यावं लागलं. बाबा कोयनेचे. आमच्या आजीचं माहेर धरणात गेलेलं. त्यांनी पाण्याकडे बघून एवढंच म्हटलं, "हे पण धरणग्रस्त." मला तेव्हा गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं झालं, खरं सांगते.

नदी ओलांडली की वेस्ट रिव्हर, म्हणजे राज्याचा पश्चिम भाग. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहात नदीच्या पश्चिमेचा राज्याचा सगळा भाग लकोटांचा, म्हणजे डकोटांच्याच भाऊबंद नेटिव्ह लोकांचा, असं लिहून दिलं होतं, ब्लॅक हिल्सच्या डोंगरांसकट. मग १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं, १८७७ मध्ये ब्लॅक हिल्स काढून घेतले, १८८९ मध्ये उरलेल्याचे तुकडे करून लहान लहान रिझर्व्हेशन केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साऊथ डकोटा राज्य झालं. नकाशावरच्या निम्म्याहून जास्त नेटिव्ह असलेल्या बऱ्याचशा काउंट्या म्हणजे हेच तुकडे. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्लॅक हिल्सची भरपाई द्या म्हणून सांगितलं, दहा कोटी डॉलरच्या वर, पण लकोटांनी पैसे आजपर्यंत घेतलेले नाहीत. त्यांना जमीन हवी आहे.

कडोकाहून खाली मार्टिनला गेलो, बेनेट काउंटी. ही पूर्वी पाइन रिज रिझर्व्हेशनचाच भाग होती, १९१० च्या कायद्याने बाहेरच्यांना खुली केली. आज इथे नेटिव्ह निम्म्याहून जास्त असले तरी गोरेही बरेच आहेत, आणि जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी, एक तुकडा ट्रस्टचा, म्हणजे सरकारने नेटिव्ह लोकांच्या वतीने ताब्यात ठेवलेला, शेजारचा खाजगी. सूर्यफुलाचं एक अफाट शेत फुललं होतं, कुंपणापलीकडे नुसतं गवत. मी बाबांना वाटपाचं सांगितलं, की १८८७ च्या डॉज कायद्याने सामाईक जमीन मोडून माणशी तुकडे केले, उरलेली 'जास्तीची' ठरवून विकली, आणि वाटपातली जी सरकारी ट्रस्टमध्ये राहिली ती वाटून न देता फक्त वारसांची नावं चढत गेली, आता एकेका तुकड्याला शेकडो वारस आहेत. "म्हणजे एका गटाला शंभर नावं, आणि कसणार कोण?" बाबा म्हणाले, "कुणीच नाही, भाड्याने जाणार." आणि खरंच तसंच आहे, यातली कितीतरी जमीन बाहेरचे शेतकरी आणि गुरंवाले भाडेपट्ट्याने घेतात.

तिथून ओग्लाला लकोटा काउंटी. साडेतेरा हजारांवर लोक, दहातले नऊ नेटिव्ह. गाडीत किली हे इथलं रेडिओ स्टेशन लागलं, लकोटा भाषेत कुणीतरी आजोबा सावकाश बोलत होते, बाबांनी आवाज वाढवायला सांगितला, कळत काहीच नव्हतं तरी. ह्या काउंटीचं नाव २०१५ पर्यंत शॅनन होतं, डकोटा टेरिटरीच्या, म्हणजे राज्य होण्याआधीच्या प्रदेशाच्या, एका मुख्य न्यायाधीशावरून, ज्यांनी लकोटांची जमीन सोडवून घ्यायच्या वाटाघाटीत भाग घेतला होता. लोकांनी २०१४ मध्ये मतदान करून ते बदललं.

वूंडेड नीला रस्त्याकडेला एक मोठी लाल पाटी आहे. तिच्यावर आधी 'लढाई' लिहिलेलं होतं, त्या शब्दावर वेगळी फळी ठोकून 'हत्याकांड' असं केलंय, फळीच्या कडा आणि खिळे स्पष्ट दिसतात. २९ डिसेंबर १८९०, अमेरिकन सैन्याने मारलेली अडीचशेहून जास्त लकोटा माणसं, त्यात बायका आणि मुलं खूप. वर टेकडीवर एकच लांब सामुदायिक कबर आहे, जाळीच्या कुंपणाला रंगीत कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या, काही उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. बाबांनी चप्पल काढली. खाली एक बाई मण्यांच्या माळा विकत होत्या, त्यांनी सांगितलं की २०२२ मध्ये इथली ४० एकर जमीन ओग्लाला आणि शायेन रिव्हर अशा दोन जमातींनी मिळून विकत घेतली, पाच लाख डॉलरला. "स्वतःचीच जमीन विकत घ्यावी लागली," बाबा मला मराठीत म्हणाले, आणि दोन माळा घेतल्या, आईला आणि मला.

शेवटचा टप्पा हॉट स्प्रिंग्ज, शेजारच्या फॉल रिव्हर काउंटीत. ओग्लाला लकोटा काउंटीला स्वतःचं मुख्यालयच नाही, कारभार इथून चालतो. टॉड ह्या दुसऱ्या नेटिव्ह काउंटीचंही तसंच, तिचा विनर गावाहून. इतकंच नाही, ह्या अशा काउंट्यांच्या लोकांना त्यांच्यावर कारभार करणाऱ्या काउंटी अधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मतसुद्धा नव्हतं, ते १९७५ मध्ये फेडरल कोर्टाच्या निकालाने मिळालं. नागरिकत्व १९२४ चं आणि हे मत १९७५ चं!

कोर्टहाउससमोर गाडी लावली, गुलाबी दगडाच्या इमारती, शनिवार म्हणून बंद. बाबा पायऱ्या चढून दारापर्यंत गेले, काचेवरच्या वेळा वाचल्या आणि खाली येऊन घड्याळ बघितलं. पाइन रिजहून निघाल्यापासून सव्वा तास झाला होता. "बस आहे का गं इकडे यायला?" त्यांनी विचारलं. वाटेत मला तरी एकही दिसली नव्हती.