आठशे मीटरची वारी

ग्रीसच्या रफिना बंदरातून बोट सुटली तशी काकूंनी पिशवीतून गुडघ्यांना बांधायच्या दोन जाड गाद्या काढून दाखवल्या. यष्टिरक्षकाचे पॅड मधोमध कापावेत तशा. "मुलानं घ्यायला लावल्यात. मी बांधणार नाही," असं म्हणून त्यांनी त्या परत आत कोंबल्या.

काकू म्हणजे माझ्या पिरियसमधल्या घरमालकीण. मी तिथल्या एका जहाज कंपनीत नोकरीला आहे. त्या मला 'कोरी मू' म्हणतात, म्हणजे 'माझ्या लेकी', आणि मी त्यांना काकू. आता आमच्या जिन्यातले सगळे ग्रीक शेजारीही त्यांना काकूच म्हणायला लागलेत. नातवाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांनी तिनोस बेटावरच्या मरियममातेला नवस बोलला होता: १५ ऑगस्टच्या तिच्या सणाला बंदरापासून देवळापर्यंत गुडघ्यांवर येईन. नवसाला तिकडे 'तामा' म्हणतात. बोललेला नवसही तामा, आणि फेडताना वाहिलेली वस्तूही तामा. सोबत कोणीतरी हवं होतं, म्हणून मी निघाले.

अंतर विचारलं तर म्हणाल्या, जेमतेम ८०० मीटर. मी आईबरोबर दोनदा आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेय. मनातल्या मनात हसले, हे कबूल करायला हवं.

अँड्रोस बेट मागे पडलं आणि वारा अंगावर आला. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा हा मेल्तेमी. वाऱ्यांचा देव एओलोस तिनोसच्या त्सिक्नियास डोंगरावर राहतो, असं इथले लोक पूर्वीपासून सांगत आलेत. डेकवर उभं राहिल्यावर त्याबद्दल वाद घालावासा वाटला नाही.

१४ तारखेला सकाळी काकू म्हणाल्या, "उन्हं कलल्याशिवाय मी काही निघत नाही. तू बेट बघून ये." त्यांचा १ ऑगस्टपासून उपवास चालू होता. मांस नाही, दूध नाही, चीज नाही. मी बस पकडून केख्रोवुनीच्या मठात गेले. इथून पायी खाली बंदरापर्यंत यायचं, असा माझा बेत. वारीला गेल्यावर काहीतरी चाललं पाहिजेच ना!

मठ कसला, डोंगराच्या कुशीतलं चुन्यानं रंगवलेलं गावच ते. अरुंद बोळ, कमानी, जोगिणींच्या खोल्या आणि दारोदार कुंड्या. एका कुंडीत व्हासिलिकोस होता, आपल्या तुळशीच्याच कुळातला. पाय आपोआप थांबले आणि एक पान चुरगळून वास घेतला. सगळी कथा सुरू होते ती याच मठात. १८२२ च्या जुलैमध्ये पेलागिया नावाच्या म्हाताऱ्या जोगिणीला मरियममातेचा दृष्टांत झाला की अमक्या शेतात माझी तसबीर पुरलेली आहे, ती काढा. लोकांनी खणलं, काही सापडेना, काम थांबलं. पुन्हा खणायला घेतलं आणि ३० जानेवारी १८२३ रोजी एका मजुराच्या कुदळीनं लाकडी फळीचे दोन तुकडे झाले. तीच ती तसबीर. तुर्कांविरुद्धचा स्वातंत्र्यलढा १८२१ मध्ये पेटलेला होता, त्यामुळे हा कौल एका बेटापुरता राहिला नाही, साऱ्या ग्रीसनं तो आपल्याला मिळाला असं मानलं. दृष्टांत, मग शेतात खणणं, मग मूर्ती मिळणं: आपल्याकडच्या कितीतरी ग्रामदैवतांची गोष्ट हीच आहे. पेलागियाची खोली अजून दाखवतात. आत दोघी उभ्या राहिलो तर तिसरीला जागा नाही.

खाली उतरणारी वाट दगडी फरसबंदीची. आर्नादोस, दिओ होरिया, त्रिआंदारोस अशी पांढरी गावं एकाखाली एक. ऑगस्टमध्ये बेट पार वाळलेलं असतं. रानओव्याची झुडपं, अंजिराचा एखादा हिरवा झुबका आणि बाकी सगळा दगड. पण नीट बघितलं की कळतं, डोंगर माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढलेला आहे. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड बसवून बांध घातलेले. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी हे वाहून आणलं, तेव्हा कुठे मूठभर जव आणि द्राक्षं पिकली. ही चुन्याशिवाय बांध घालायची विद्या युनेस्कोच्या वारसा यादीत २०१८ साली गेली. आमच्या कोकणातल्या गडग्यांची आठवण आलीच.

आणि कबुतरखाने! वारा लागणार नाही अशा वळणांवर उभ्या असलेल्या दुमजली पांढऱ्या इमारती. खाली अवजारांची खोली, वर पक्षी, आणि दर्शनी भिंतीवर पातळ पाटीच्या दगडांची त्रिकोण, चौकोन, सूर्य अशी जाळी. माणसांच्या घरांपेक्षा पाखरांची घरं नटलेली. हे व्हेनिसवाल्यांनी आणलं. त्यांच्या राज्यात कबुतरं पाळायचा हक्क फक्त सरदारांना होता. मांस त्यांच्या ताटात, खत त्यांच्या शेतात. ते गेल्यावर ज्याला त्याला कबुतरखाना हवासा झाला.

व्हेनिसचा अंमल इथे १२०७ पासून १७१५ पर्यंत, म्हणजे पाच शतकांहून जास्त. क्रीटसारखं मोठं बेट १६६९ मध्ये तुर्कांना गेलं तरी तिनोस टिकून होतं. एक्सोम्बुर्गोच्या उघड्याबोडक्या सुळक्यावर त्यांचा किल्ला होता. १७१५ मध्ये तुर्की आरमार आलं आणि किल्लेदार बाल्बीनं किल्ला देऊन टाकला. व्हेनिसला परतल्यावर त्याला जन्मठेप झाली. लहानपणापासून बाजीप्रभूच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला हे जरा पचत नाही. त्या काळाची खूण म्हणजे बेटावर आजही व्हेनिसवाल्यांच्या कॅथलिक पंथाची गावं आहेत, ग्रीकांच्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या गावांच्या शेजारी. व्होलाक्सचे गोल गोल प्रचंड धोंडे आणि तिथले टोपल्या विणणारे, पिर्गोसचे संगमरवर घडवणारे कारागीर, हे सगळं बघायचं राहूनच गेलं. मला सहाच्या आत पोचायचं होतं.

बंदरापासून देवळापर्यंतचा रस्ता सरळ चढाचा. एका कडेला गालिचाची अरुंद पट्टी अंथरलेली. पायघड्या म्हणावं तर त्यांवर पाय कोणाचेच नव्हते. दुतर्फा माणसाएवढ्या उंच मेणबत्त्या आणि तीर्थासाठी रिकाम्या बाटल्या विकणारी दुकानं. काकूंनी क्रूसाची खूण केली, खाली बसल्या आणि निघाल्या. मी बाजूनं मेणबत्ती, पाणी आणि त्यांच्या चपला घेऊन.

चालताना दहा-बारा मिनिटांत संपणारा रस्ता. त्यांना दोन तास लागले. पुढे एक तरुण रोमा, म्हणजे जिप्सी, बाई पाठीवर मूल बांधून रांगत होती. मागे कडक इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ. एक मुलगा आइस्क्रीम चाटत आमच्या बाजूनं निवांत चढून गेला. कोणी कोणाकडे टक लावून बघत नव्हतं, हे मला फार आवडलं. निम्म्या वाटेवर काकू थांबल्या, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दे त्या गाद्या." मी बांधून दिल्या. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

देवळात छतापासून चांदीचे तामा लटकत होते: जहाजं, पाळणे, घरं. त्यात एक जहाज मासा अडकलेलं. वादळात तळाला भोक पडलं, खलाशांनी धावा केला आणि मासा येऊन भोकात बसला, असं सांगतात. तसबिरीवर दागिने इतके की आतला चेहरा दिसतच नाही. काकूंनी हृदय उठवलेला चांदीचा छोटा पत्रा वाहिला. त्यांची मेणबत्ती मात्र सेवकानं मिनिटाच्या आत उपटून पेटीत टाकली, मागच्यांना जागा हवी म्हणून. मलाच राग आला. काकू म्हणाल्या, "तिला पोचली. आता काय तिचं लोणचं घालायचंय?"

दुसऱ्या दिवशी तसबीर पालखीतून बंदराकडे निघाली तेव्हा आजारी माणसं रस्त्यात ओळीनं आडवी झाली आणि पालखी त्यांच्यावरून गेली. मग समुद्रात पुष्पचक्र सोडलं. १५ ऑगस्ट १९४० रोजी सकाळी, याच सणासाठी नांगरलेल्या 'एल्ली' या ग्रीक युद्धनौकेला इटलीच्या पाणबुडीनं टॉर्पेडो मारून बुडवलं. तेव्हा दोन्ही देशांत युद्धही नव्हतं. ९ जण मेले. टॉर्पेडोचे तुकडे इटालियन निघाले, पण सरकारनं ऑक्टोबरमध्ये इटलीशी लढाई सुरू होईपर्यंत ते बाहेर पडू दिलं नाही. हे सगळं काकूंनी धक्क्यावर उभ्या उभ्या सांगितलं. बोलताना डोळे पाण्यावर.

परतीच्या बोटीत त्यांच्या गुडघ्यांना मलम लावत होते.

"तुमचं ते पंढरपूर, किती लांब म्हणालीस?"

"आळंदीहून अडीचशे किलोमीटर, काकू. जवळजवळ तीन आठवडे लागतात."

त्या उठून बसल्या. "गुडघ्यांवर?"

"नाही हो. चालत."

"मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि पिशवी उशाला घेऊन झोपल्या.