घाट बंद पडले त्या दिवशी

बेळगावच्या भाजी मार्केटात मी एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकणाऱ्या पेढीत, दिवाणजी आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, करायच्या आणि गोव्याच्या गाड्या लावायच्या, हे माझं काम. संध्याकाळी भरलेली गाडी चोर्ला नाहीतर अनमोड घाटानं रातोरात उतरते आणि उजाडायच्या आत गोव्यात पोचते. तिथल्या बाजारातली कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची, बिन्स बहुतेक आमच्याकडची. गोव्याचं फलोत्पादन महामंडळसुद्धा स्वस्त विक्रीच्या गाड्यांसाठी इथूनच माल उचलतं.

२३ जुलै २०२१, शुक्रवार. आदल्या रात्री सोडलेल्या गाड्या पहाटे परत यायला लागल्या. चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीच्या पुढं झाडं आडवी पडलेली. अनमोडकडं गेलेल्या ड्रायव्हरचा फोन लागेना. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर चढलं, कोल्हापूरची वाट तुटली. दूधसागर-सोनावळीच्या मधे दरड कोसळून रेल्वेचे डबे घसरल्याचंही त्याच दिवशी कळलं. एरवी एक घाट बंद पडला की आम्ही दुसरा धरतो. त्या दिवशी गोव्याकडं धरायला काही उरलं नव्हतं. आणि सकाळची नवी आवक दारात येऊन उभी.

परत आलेल्या एका गाडीतलं कोथिंबिरीचं पोतं मी उसवलं. वरच्या पेंड्या हिरव्यागार, पण मधे हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब. काढलेली भाजी जिवंत असते, श्वास घेते आणि उष्णता सोडते. पोत्यात कोंबून ताडपत्रीखाली रात्रभर ठेवली की ती आतल्या आत उकडते. बाहेर एवढा गार पाऊस असूनही. तिथंच मालकांना म्हटलं, "अण्णा, सगळा माल एका मापानं मोजू नका. कोण किती थांबतंय ते बघून लावूया."

हमालांनी पोती फोडून पालेभाजी शेडमधे पातळ पसरली. ती आधी शहरात काढायची ठरली. हातगाडीवाल्यांना आणि शहापूर, वडगावच्या बाजारातल्या बायकांना उधारीवर दिली, पैसे विकल्यावर द्या म्हणून सांगितलं. ढबू आणि बिन्सना दम एखाद-दुसऱ्या दिवसाचा. कोबी बाहेरची पानं न सोलता, ओल लागू न देता ठेवली तर आठवडाभरही टिकते. रताळी तर त्याहून चिवट. ती बाजूला रचली आणि कुणाच्याही दबावानं मातीमोल विकायची नाहीत असं ठरलं.

कडोलीचे एक काका कोबीचा टेंपो घेऊन आले होते. आम्ही सगळ्यांना फोन करून काढणी थांबवा म्हणून सांगितलेलं, तरी आले. मी विचारलं, "काका, आज कशाला काढलासा?" ते म्हणाले, "मार्कंडेयाचं पाणी रानात शिरूलंय की. आज काढली नाही तर उद्या गड्डा कुजतोय. तू सांग, काय करू?" त्यांना परत पाठवणं मला जमलं नसतं. काढणी थांबवा हा सल्ला ज्याचं रान माळावर आहे त्याच्यासाठी ठीक. नदीकाठच्या माणसाला तो सल्ला म्हणजे नुकसान तूच सोस असं सांगणं.

धारवाड-हुबळीचा रस्ता मोकळा होता. पण तिकडं आमची ओळखच नव्हती. गोवा दर चांगला देतो, म्हणून वर्षानुवर्षं सगळा माल तिकडंच वळलेला. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊननं गोव्याची हद्द बंद झाली, तेव्हाही कोबीच्या उभ्या पिकात नांगर घातलेले लोक मी बघितलेत. तरी दुसरी वाट कुणी बांधून ठेवली नाही. शेवटी आमच्या एका कन्नड हमालानं त्याच्या मेहुण्याच्या ओळखीतून हुबळीचा एक व्यापारी गाठून दिला. फोनवरचं सगळं बोलणं त्यानंच केलं, आणि दुपारपर्यंत फ्लॉवर आणि ढबूच्या गाड्या हुबळीला निघाल्या. दर गोव्याच्या मानानं पडेलच होता. काकांची कोबीही थोडी गेली, बाकीची शेडमधे राहिली आणि घाट सुटल्यावर गोव्याला उतरली.

पुरवठा साखळी मजबूत करायची म्हटलं की मोठी शीतगृहं आणि मोठ्या गाड्यांची भाषा सुरू होते. त्यांची गरज नाही असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडं त्या दिवशी माल वाचला तो पोती फोडल्यामुळं, उधारीच्या भरवशामुळं आणि एका फोन नंबरामुळं. एक गड्डा कुजतो तेव्हा त्यामागचं पाणी, खत, डिझेल आणि बायकांची वाकून केलेली मजुरीही कुजते. हे दरपत्रकात दिसत नाही, म्हणून मला जास्त टोचतं.

आता पावसाळ्यात आम्ही दर आठवड्याला थोडा माल हुबळीला पाठवतोच, घाट चालू असले तरी. शेतकरी पट्टी बघून कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर खरी आहे. कमी दराचा भार त्यांनी एकट्यानं का उचलायचा? त्या मालावरची अडत आम्ही कमी घेतो. पालेभाजी पोत्यात भरलेली असली तर गाडीत चढवत नाही, क्रेट दुकानातून देतो. क्रेट परत येत नाहीत ही भांडणं अजून चालूच आहेत.