इंजिन गप्प, प्रवासी सुरू

डिझेलच्या वासाने मला हमखास मळमळतं, म्हणून पुण्याहून दादरला निघताना पर्समध्ये आवळा सुपारी असतेच. या वेळी ई-शिवनेरीत, म्हणजे एसटीच्या विजेवर चालणाऱ्या बसमध्ये बसले आणि लोणावळा आलं तरी ती काढावी लागली नाही. श्रेय नसलेल्या धुराला की नसलेल्या थरथरीला, कोण जाणे. खिडकीला डोकं टेकलं तरी दात वाजत नव्हते.

पण बस शांत असली की प्रवासही शांत होतो, हा समज तळेगावच्या पुढे संपला. मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी मोबाइलवर रील्स लावली, इअरफोनशिवाय. पूर्वी इंजिनाच्या घरघरीत असलं सगळं बुडून जायचं. आता तेच तेच खोटं हसू शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ. मग त्यांना फोन आला आणि भाचीच्या साखरपुड्यात कोण का रुसलं, हे अख्ख्या बसला कळलं. (मला विचाराल तर आत्याबाईंचंच बरोबर होतं.) कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

खंडाळ्याचा उतार लागला आणि लक्ष पुढे गेलं. ड्रायव्हरसमोर बॅटरीची टक्केवारी दिसत होती: ५८. थोडं उतरलो तर ५९, घाट संपता संपता ६०!

"काका, वाढतेय का ती?"

"उतारावर पाय काढला की मोटारच जनरेटर होते, ताई. ब्रेकला फार काम पडत नाही," रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले. याच घाटात लायनर तापल्याचा करपट वास यायचा, तोही आज नव्हता. "येताना चढाला मात्र व्याजासकट वसूल करते."

मुंबईतले दिवस कामात गेले. बेस्टच्या इलेक्ट्रिक दुमजली बसमधून मुद्दाम एक चक्कर मारली, वर बसून. डिझेलच्या जुन्या दुमजली सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. नवीत एसी आहे, पण वरच्या मजल्यावरचा तो भणाण वारा बंद काचेआड कुठून येणार?

परतल्यावर हे सगळं नगरच्या मावशीला फोनवर सांगितलं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली आणि पहिली इलेक्ट्रिक शिवाईही १ जून २०२२ ला त्याच मार्गावर, त्यामुळे मावशी या बाबतीत मला ज्युनिअर समजते. तिचं घर स्टँडसमोर. म्हणाली, "पूर्वी गाडी लागली की आवाजावरून घरात कळायचं, मग निवांत कुलूप लावून निघायचं. आता आवरून अर्धा तास खिडकीत उभं राहावं लागतं."