लोडशेडिंग

काल भर दुपारी लाईट गेली आणि समोरच्या गॅलरीतून काकांनी डोकं बाहेर काढून विचारलं, आपलीच गेली का सगळ्यांची? सगळ्यांची, असं कळल्यावर चेहरा खुलला त्यांचा. "मग लोडशेडिंग असेल" म्हणाले. किती दिवसांनी ऐकला हा शब्द!

2005 नंतरची काही वर्षं आमच्या गावात सगळा दिवस याच शब्दावर चालायचा. पेपरातलं वेळापत्रक कापून दाराच्या मागे चिकटवलेलं, आणि आई त्यावर बघून दळण कधी, टाकी कधी भरायची, मिक्सर कधी लावायचा ते ठरवणार. भेटल्यावर पहिला प्रश्न, "तुमच्यात किती ते किती?" संध्याकाळी आजी कंदिलाची काच पुसत बसायची, आम्ही पोरं अभ्यास सोडून ओट्यावर, आणि लाईट आली की अख्ख्या गल्लीतून एकच आरोळी, आऽऽली! मुंबईची भावंडं सुट्टीत आली की त्यांना याचं भारी कौतुक, फुकटचं. त्यांच्याकडे हा प्रकारच नव्हता ना.

पेपरवाले 'भारनियमन' छापायचे, पण ते बोलताना कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. लोडशेडिंग मात्र कशालाही चालायचं. गणित अडलं की सर विचारायचे, काय रे, वरच्या मजल्यावर लोडशेडिंग का?

पुढे इंजिनिअरिंगला कळलं की ग्रीड, म्हणजे विजेचं सगळं जोडलेलं जाळं, 50 हर्ट्झवर चालते, मागणी वाढून वीज कमी पडली की हा आकडा खाली येतो, आणि फारच घसरला तर सगळंच बसतं, म्हणून सबस्टेशनवरून काही फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाईनी, बंद करायचे. 2012 च्या जुलैत उत्तर भारतात ग्रीड खरंच बसली होती, त्यामुळे कारण पटतं. पण तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की यातला लोड म्हणजे आपण! आजीचा पंखा, आईचा मिक्सर, ते ओझं, जे झटकून टाकायचं. त्यात परत जिथे वीजगळती जास्त आणि बिलाची वसुली कमी त्या भागाला जास्त तास, म्हणजे वेळेवर बिल भरणारा माणूस चुकीच्या फीडरवर असला की तोही अंधारात. हे मला अजून पटलेलं नाही.

असो. आता ते दिवस गेले म्हणतात. शेतीपंपाची थ्री फेज मात्र बऱ्याच ठिकाणी अजून पाळीनेच येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. माझा मामा पासष्टीचा आहे, रात्री दोनला बॅटरी आणि काठी घेऊन उसाला दारं धरायला जातो, गारठ्यात, सापाकिरड्यात. मागे फोनवर विचारलं, मामा, तुमच्याकडे लोडशेडिंग आहे का रे अजून?

"न्हाय न्हाय, ते कवाच बंद झालं," म्हणाला. "आता शेड्यूल असतंय."