माणगावचा यशवंत, वय 22

लहानपणी मुंबईहून गावी जाताना एसटी माणगावला थांबायची आणि बाबा दरवेळी न चुकता सांगायचे, इथे व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वांत मोठं पदक मिळालेल्या यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. एकदा मुद्दाम उतरून दाखवलाही होता. मला तेव्हा ते खूप मोठे वाटले होते, म्हणजे वयाने, आजोबांसारखे कुणीतरी, कारण पुतळा म्हटला की म्हातारं माणूस असंच डोक्यात बसलेलं असतं. या जुलैत लावणीला घरी जाताना गाडी माणगावात अडकली, बाहेर धो धो पाऊस, म्हणून मोबाईलवर सहज त्यांची माहिती काढली. जन्म 16 नोव्हेंबर 1921, मृत्यू 10 जुलै 1944. बोटांवर मोजलं. बावीस. तेवीस पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते. माझा भाचा आत्ता बावीसचा आहे, अजून सकाळी आईने हाक मारल्याशिवाय उठत नाही. तेव्हापासून मला त्यांना अहोजाहो करताच येत नाहीये, तोंडातून 'तो'च येतं, आणि त्यात मान कमी होत नाही, उलट जीव जास्त तुटतो.

तर तो पळसगावचा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आपला आजचा रायगड. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होता, दंडावर दोन फिती, हाताखाली एक सेक्शन, म्हणजे साधारण आठ-दहा जवान. बाविसाव्या वर्षी आठ-दहा जणांच्या जिवाची जबाबदारी!

दुसरं महायुद्ध चालू होतं. 1944 च्या जूनमध्ये रोम जर्मनांच्या हातून गेलं, दोनच दिवसांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीत, दोस्तांच्या फौजा उतरल्या आणि सगळ्या जगाचं लक्ष तिकडे गेलं. पण इटलीतली लढाई संपली नव्हती. जर्मन एकेक डोंगर लढवत उत्तरेकडे मागे सरकत होते आणि टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या मागे आपली पोरं चढत होती. इटलीच्या त्या सगळ्या मोहिमेत 50,000 हून जास्त भारतीय सैनिक होते, त्यातले 5,782 परत आले नाहीत. शाळेत हे आम्हाला एका ओळीतसुद्धा नव्हतं.

10 जुलैला त्याची कंपनी एका पक्क्या मोर्च्यावर चालून गेली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले सगळेच्या सगळे मेले किंवा जखमी होऊन पडले, उभा राहिला फक्त हा. तो सरळ त्या मशीनगनवर धावला. ग्रेनेड टाकला, गन बंद पडली, मग हातातल्या टॉमी गनने, म्हणजे छोट्या मशीनगनने, एकाला मारलं आणि मॅगझीन संपलं. दुसरं लावायला वेळ नव्हता. तर त्याने गन उलटी करून नळीला धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारलं.

मी या जागी दरवेळी थांबतो. टॉमी गन जवळजवळ पाच किलोची असते आणि गोळ्या झाडून झाल्यावर तिची नळी गरम झालेली असते. तळहात भाजला असेल. पदकाच्या मानपत्रात असलं काही लिहीत नाहीत, ते बरोबरच आहे, पण मला त्या सगळ्या प्रकारातला तो हातच दिसत राहतो, कारण तो हात चार-दोन वर्षांपूर्वी नांगराच्या मुठीवर असणार, आमच्या भागात दुसरं होतं काय तेव्हा.

त्यानंतर लपलेल्या नेमबाजांनी त्याला गोळ्या घातल्या, छातीत आणि पाठीत. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात तो गेला. पाठीत म्हटल्यावर आपल्याकडे लगेच भुवया वर जातात म्हणून सांगतो, मला त्याचा अर्थ एकच लागतो की तो इतका पुढे घुसला होता की शत्रू त्याच्या मागेही होता.

काही लोक म्हणतात गोऱ्यांच्या लढाईत मेला, त्याचं एवढं काय. बेचाळीसची चळवळ होऊन दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे हे म्हणणं मला कळतं, त्यावर वाद घालायचा नाहीये. पण घरात चार तोंडं आणि भाताची दोन खाचरं असली की पलटणीचा पगार काय असतो हे कोकणातल्या घरांना विचारा. आणि त्या क्षणी समोर राणी-राजा कुणी नव्हतं, मागे पडलेली आपली माणसं होती.

त्याची कबर कुठे आहे हे माहीत नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा 4,000 हून जास्त जणांमध्ये त्याचं नाव कोरलंय. 2023 साली इटलीतल्याच मोन्तोने नावाच्या गावात त्याच्या नावाचं स्मारक झालं, सूर्यतबकडीचं, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचं, आणि तिथल्या लोकांनी ते इतक्या आपुलकीने केलं हे वाचून मला खरंच भरून आलं. या लढाईसाठी मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या बायकोने घेतला, दिल्लीत, व्हाइसरॉय वेव्हेलच्या हातून. ब्राँझचा साधारण 27 ग्रॅमचा क्रॉस असतो तो.

घरी पोचलो तर आई खाचरात होती, तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी बांधून बांधावर टाकलेल्या, गुडघाभर चिखल. तेव्हा लक्षात आलं की 10 जुलै म्हणजे पळसगावातही ऐन लावणी. तिकडे इटलीत कडक उन्हाळा आणि इकडे आषाढातला पाऊस. लांबच्या लढाईतली बातमी, ती यायला किती दिवस लागले असतील कुणास ठाऊक, पण तेवढे दिवस घरात तो जिवंतच होता. इरली पाठीवर घेऊन बायका ओळीने वाकलेल्या असतील, आणि बोलताबोलता कुणीतरी त्याच्या बायकोला विचारलं असेल, दिवाळीला रजा मिळेल का गं त्याला.